लाखाचं मैदान

लालबागच्या त्या नाक्यावर राजाराम परबाला जो काही मान होता, तो खडूमुळे होता. एरवी तो गिरणीत माग चालवणारा, पहिल्या पाळीला जाणारा आणि दुपारी घरी येऊन बशीतून चहा ओढणारा चारचौघांसारखा माणूस. पण मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर उतरली, नाक्यानाक्यावर बातम्यांचे काळे फळे उभे राहिले, आणि या नाक्याच्या समितीने फळा लिहायचं काम राजारामाकडे दिलं. त्याचं अक्षर टपोरं होतं आणि पहाटे उठायची सवय होती. पाळीला निघालेली माणसं चालता चालता फळा वाचत, आणि वाचून पुढे गेलेला माणूस जरा ताठ चालायला लागलेला राजारामाला दिसे. ते बघितलं की दिवसभर मागाच्या खडखडाटात उभं राहायला त्याला काही वाटत नसे.

फळ्यावरच्या बातमीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत असायचा तो सभेला जमलेल्या माणसांचा आकडा. पहिल्या सभेनंतर राजारामाने नुसतं "हजारो" लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी कळलं, की पलीकडच्या नाक्याने त्यांच्या सभेला दहा हजार लिहिलेत. मग याने पंधरा लिहिले. पुढच्या सभेला पंधराच कसे लिहिणार? वीस झाले, पन्नास झाले. आकडा खाली आला म्हणजे चळवळ खाली आली, असं समितीचं सरळ गणित होतं. तसं ते वाढत वाढत एका रविवारच्या सभेनंतर सोमवारी सकाळी फळ्यावर अक्षरं उमटली: "कालच्या सभेस १,००,००० माणसांचा जनसागर." पाचही शून्यं राजारामाने मोठ्या आनंदाने काढली.

समितीत ही गोष्ट एकाच माणसाला खुपली. शामराव चिंदरकर हा मॅट्रिकच्या वर्गापर्यंत पोहोचलेला गृहस्थ. खडू आपल्या हातात हवा होता असं त्याला पहिल्यापासून वाटे. पण त्याचं अक्षर वाचायला दोन माणसं लागत, म्हणून तो मागे पडला होता. तो लाखाकडे बघून नुसता "छान" म्हणाला आणि संधीची वाट बघत राहिला.

संधी आणली ती राजारामाच्याच मुलीने. अंबिका चौथीत होती आणि गणितात हुशार होती. तिचे पाढे ऐकायला राजाराम तिला मुद्दाम गॅलरीत उभं करून म्हणायला लावी, म्हणजे शेजाऱ्यांनाही ऐकू जावेत. तिच्या वर्गावर तळपदेबाई होत्या. गिरगावातून ट्रामने येणाऱ्या, स्वच्छ पांढऱ्या पातळातल्या, बारीक आवाजाच्या. त्यांचं एक वेड होतं. पाढे पाठ हवेतच, पण आकडा डोळ्यांपुढे उभा राहायला हवा, नाहीतर ते पोपटाचं बोलणं, असं त्या म्हणत. वर्गातल्या कपाटावर चिंचोक्यांनी भरलेली एक बरणी होती. बाई दर आठवड्याला तिच्यात चिंचोके कमीजास्त करत आणि विचारत, किती असतील? आधी अंदाज, मग मोजणी. पहिल्या आठवड्यात मुलींनी वीसपासून कोटीपर्यंत सगळं सांगून पाहिलं होतं. आता त्या बऱ्याच जवळ येऊ लागल्या होत्या.

त्या सोमवारी बाईंनी एकावर पाच शून्यं काढली आणि विचारलं, लाख वस्तू एका ठिकाणी कोणी पाहिल्यात का? कोणी डोक्यावरचे केस म्हणाली, कोणी तांदळाचं पोतं. अंबिकेने हात वर केला.

"मी पाहिलेत बाई. काल, आमच्या मैदानात. माझ्या बाबांनी फळ्यावर लिहिलंय."

तळपदेबाईंचे डोळे चमकले. त्यांच्या मनात खोडी नव्हती, हे इथेच सांगितलेलं बरं. त्यांना खरोखरच लाख बघायचा होता. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी तो फक्त लिहिला होता. त्या म्हणाल्या, की माणसं आता घरी गेली असतील, पण मैदान तर जागेवर आहे. येत्या रविवारी आपण तिथे जाऊ आणि लाख माणसं कशी बसतात ते काढू.

रविवारी सकाळी बाई आणि त्यांच्या वर्गातल्या मुली मैदानात हजर झाल्या. मैदान म्हणजे तीन बाजूंना चाळी आणि चौथ्या बाजूला रस्ता, मधली मोकळी जागा. दहा फुटांच्या दोरीने मुलींनी चुन्याच्या फक्कीचा एक चौकोन आखला. राजाराम तेव्हा घरात दाढी करत होता. शाळेच्या बाई आपल्या मैदानात आल्यात हे कळताच तो अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून खाली धावला. बाई म्हणाल्या, मुलींच्या गणितासाठी या चौकोनात मोठी माणसं बसवायची आहेत. राजारामाला कारण विचारायचं सुचलंच नाही. माणसं बसवणं हे तर त्याचं सभेतलं हुकमी काम. त्याने पिंपळाखालचे पत्ते खेळणारे उठवले, भजनी मंडळातले चार बोलावले, आणि खानावळ चालवणाऱ्या गंगुबाईंनाही बोलावलं. गंगुबाई चांगल्या भरदार होत्या. त्या बसल्यावर चौकोनाचा एक कोपरा संपला.

"बाई, गंगुबाईंना एक धरायचं का दोन?" एका मुलीने प्रामाणिकपणे विचारलं.

"एकच धर गो," गंगुबाई म्हणाल्या. "ताट पण मी एकच घेते."

बावीस माणसांवर चौकोन भरला. पण राजारामाला ते पटेना. सभेला माणूस असा ऐसपैस बसत नाही, असं सांगत त्याने मांड्या आवळायला लावल्या, दोघांना खांद्याने सरकवलं आणि आणखी तिघांना आत कोंबलं. पंचवीस झाले. बाईंनी मुद्दाम विचारलं, सभेला खरंच इतकं दाटून बसतात का? राजाराम अभिमानाने म्हणाला, याहून सैल बसेल तो आमच्या नाक्याचा नव्हेच. अशा रीतीने त्याने आपल्या हाताने स्वतःची वाट बंद करून टाकली.

मग मुलींनी मैदानावरून दोरी टाकत नेली. लांबीला वीस दोऱ्या, रुंदीला बारा. बाई म्हणाल्या, आधी अंदाज. मैदान भरलं तर माणसं किती? चौकोनात अडकलेल्या मंडळींनी हौसेने आकडे सांगितले. राजारामाने लाख सांगितला, कमी नाही. आता मोजणी, बाई म्हणाल्या.

वीस दोऱ्या गुणिले बारा, म्हणजे असे चौकोन दोनशे चाळीस. एका चौकोनात पंचवीस माणसं. मुलींनी एका सुरात "पंचवीस चोक शंभर" म्हटलं, म्हणजे चार चौकोनांत शंभर माणसं. दोनशे चाळिसात चार किती वेळा, हे अंबिकेने सगळ्यांच्या आधी काढलं. साठ वेळा. साठ शेकडे.

"सहा हजार," ती मोठ्याने म्हणाली आणि उत्तर बरोबर आल्याच्या आनंदात बापाकडे बघून हसली.

बाप हसला नाही. चौकोनातल्या पंचवीस माणसांतही कोणी हसलं नाही. आवळलेल्या मांड्या हळूहळू सैल झाल्या. पत्त्यांच्या डावातून उठून आलेल्या एकाने शेवटी अगदी सहज विचारलं, "राजाराम, मग बाकीचे खय बसलेले?"

तळपदेबाईंना फळ्याची भानगड अजून उमगली नव्हती. त्यांच्या डोक्यात फक्त गणित होतं. त्यांनी उत्साहाने पुढचा प्रश्न घातला, की लाख माणसं बसवायची तर अशी मैदानं किती लागतील? मुलींनी तेही काढलं. सोळा मैदानं भरून सतराव्यात चार हजार. वरच्या गॅलरीतून शामराव चिंदरकर हे सगळं ऐकत होता. दुपारपर्यंत त्याने ते नाक्याच्या दोन्ही टोकांना पोहोचवलं आणि संध्याकाळी राजाराम विडी घ्यायला गेला तेव्हा दुकानदाराने विचारलं, की उरलेली सोळा मैदानं कुठेशी आली?

त्या संध्याकाळी राजारामाने घरात बोलणी सुरू केली. मुलीवर ओरडावं तर ती चुकलेली नव्हती, आणि तिचे पाढे सगळ्या चाळीला ऐकवणारा तोच होता. तेव्हा त्याने बाजारातल्या घासाघिशीचा मार्ग धरला. गॅलऱ्यांत माणसं उभी होती ती कुठे धरलीस, त्याने विचारलं. अंबिकेला ते पटलं. तीन चाळी, प्रत्येकीला तीन गॅलऱ्या, म्हणजे नऊ. एका गॅलरीत दोनशे धरले तर अठराशे. गल्लीत? गल्लीत दोनशे. कौलांवर? कौलांवर कोणी नव्हतं, कौलं फुटतात. पिंपळावर? तिघे होते, पण ते भाषण ऐकत नव्हते.

"तरी धर गो त्यांका," राजाराम म्हणाला.

"धरते. आठ हजार तीन."

यशोदा, राजारामाची बायको, आतून भाकऱ्या थापत हे ऐकत होती. लाखावरून आठ हजारांवर कोळीणसुद्धा येत नाही, तेव्हा यापुढे मासळी आणायला अंबिकेलाच पाठवायचं, असं तिने जाहीर केलं. राजाराम वैतागून उठला. या सगळ्याच्या मुळाशी त्या बाई आहेत, असं त्याने मनाशी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तडक शाळेत गेला.

वाटेत त्याने भाषण जुळवलं होतं. असल्या गणिताने लोकांचा उत्साह खचतो, मुलींना सरळ गुणाकार-भागाकार शिकवावेत, मैदानं मोजायला पाठवू नये, वगैरे. पण वर्गात शिरला तो बरणीचा तास चालू होता. बाईंनी त्याला मुलींच्या बाकावर बसवलं. त्याचे गुडघे छातीला लागले. आणि तो काही बोलायच्या आत बाईंनी बरणी त्याच्यापुढे धरून विचारलं, "सांगा परब, किती असतील?"

राजाराम गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. "पाच हजार," तो म्हणाला.

वर्ग खुदखुदला. मग मुलींनी त्याला कसं बघायचं ते दाखवलं. आधी तळाच्या थरातले चिंचोके मोजायचे, मग बरणीत थर किती ते बघायचं. राजारामाने बोट लावून थर मोजले, मनात गुणलं आणि सातशे म्हणाला. बरणी ओतली. सहाशे चौऱ्याऐंशी निघाले. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि अठ्ठेचाळीस इंची कापड विणणारा तो बाप्या लाजून लाल झाला. तास संपेपर्यंत तो तिथेच बसला. पुढे समोरच्या छपरावरच्या कौलांचा अंदाज झाला, मग फळीवरच्या पाट्यांचा. तक्रार करायची राहूनच गेली.

निघताना मात्र त्याने बाईंना खरं काय ते सांगितलं. समितीचं, फळ्याचं, आकडा खाली न येऊ देण्याचं. बाई ऐकून कावऱ्याबावऱ्या झाल्या. आपण भलत्याच जागी दोरी टाकली, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. त्यांनी मनापासून माफी मागितली. मग म्हणाल्या, "पण परब, सहा हजार हा लहान आकडा आहे असं का वाटतं तुम्हाला? तुमच्या गिरणीत एका पाळीला किती माणसं असतात?"

"दोन हजार असतील."

"मग तीन पाळ्या एकदम मैदानात येऊन बसल्या, असंच झालं की."

राजारामाने डोळ्यांपुढे पाळी सुटताना बघितली. फाटकातून माणसं निघायला लागली की संपतच नाहीत, रस्ता पांढऱ्या टोप्यांनी भरून जातो, ट्राम थांबते. तसं तीन वेळा. लाख लिहिताना त्याला असं काही दिसलं नव्हतं. नुसती शून्यं दिसली होती. त्याला एकदम आपल्या सभेचा खरा अभिमान वाटला आणि आपण तो कधी बाळगलाच नव्हता याची थोडी लाजही वाटली.

तेव्हापासून त्याला चटक लागली. गिरणीत भिंग लावून इंचाला धागे मोजणारा माणूस तो, तिथे एक धागासुद्धा वाढवून सांगायची त्याची कधी छाती झाली नव्हती. आता तीच नजर बाहेर फिरू लागली. हॉटेलात बसला की आधी टांगलेल्या कपांचा अंदाज करी आणि मग मोजी. देवळापुढच्या चपला, तारेवरचे कावळे, यशोदेच्या चाळणीतल्या पिठातले किडे, काही सुटलं नाही. अंदाज जवळ आला की तो घरी येऊन अंबिकेला सांगे आणि ती त्याचा खरा आकडा पुन्हा तपासून घेई. बापलेक गॅलरीत उभे राहून रस्त्यावरची माणसं मोजत. त्याला ते फार आवडायला लागलं होतं.

आणि मग पुढची सभा आली. ही सभा खरोखर मोठी झाली. दिल्लीहून काही वेडंवाकडं ऐकू येत होतं, माणसं चिडलेली होती, आणि मैदान तर भरलंच, पण मागे नुसत्या हिशेबात भरलेल्या गॅलऱ्या आणि गल्लीही या वेळी अगदी गच्च भरल्या. घोषणा अशा घुमत होत्या, की चाळीतल्या भांड्यांच्या फळ्या थरथरल्या. सभा सुटताना शामरावाने राजारामाला गाठलं. मागे लाख झाले होते, तेव्हा आता दीड लिही, तो म्हणाला. समितीच्या आणखी चारपाच जणांनी माना डोलावल्या. अंबिकेने आणि त्याने सभा चालू असतानाच अंदाज केला होता. दोघांचा आकडा एकच आला होता.

सकाळी तो खडू घेऊन फळ्यापुढे उभा राहिला. दीड लाख लिहिले तर खडू हातात राहणार होता आणि माणसं ताठ मानेने पाळीला जाणार होती. नाही लिहिले तर काय होणार हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण वर घरात अंबिका दप्तर भरत होती, आणि शाळेत जाताना ती हा फळा वाचणार होती. त्याने लिहिलं: "कालच्या सभेस ८,००० माणसे. मैदानात तिळाएवढी जागा नव्हती."

माणसं आली, वाचलं, थबकली. कोणी डोळे चोळले. एकाने विचारलं, की शून्य पुसलं गेलंय काय? राजाराम म्हणाला, नाही, मोजून लिहिलंय. तेवढ्यात भोंगा झाला म्हणून बोलणं तिथेच थांबलं आणि सगळे पाळीवर गेले.

खरा घोटाळा दुपारी झाला. शामरावाने कुठूनसा एक इंग्रजी पेपर आणला आणि नाक्यावर उभं राहून त्यातली बातमी मराठीतून वाचून दाखवली. पोलिसांच्या अंदाजाप्रमाणे या सभेला दहा हजार माणसं होती.

सरकारने आपली माणसं कमी करून सांगायची आणि आपण वाढवून, हा इतक्या दिवसांचा शिरस्ता. इथे सगळं उलटंच झालं होतं. जे पोलीस आपल्यावर लाठ्या चालवतात ते दहा हजार म्हणतात, आणि आपला माणूस आठ. पोलिसांनी बंदोबस्त जास्त मिळावा म्हणून वाढवले असतील, असं राजाराम सांगायला गेला, पण ऐकतो कोण. संध्याकाळपर्यंत असंही ठरलं, की राजारामाला सरकारकडून काहीतरी मिळालं असावं. यशोदेने घरातली चार भांडी शेजारणींपुढे मांडून काय मिळालं ते शोधायला सांगितलं. अंबिका मात्र शाळेतून आल्यावर गॅलरीत उभी राहीना.

पुढच्या रविवारी सकाळी व्यायामशाळेत समितीची बैठक बसली. अध्यक्ष सीताराम आचरेकर, वयाने मोठे आणि स्वभावाने सौम्य. चोवीस जण हजर आहेत, असं सांगून त्यांनी काम सुरू केलं. विषय एकच. राजारामाकडून खडू काढून घेऊन शामरावाला द्यावा. शामरावाने जोरदार भाषण केलं. आकडा म्हणजे छातीचा कोट असतो, तो शिंप्याने मापून शिवायचा नसतो, असं काहीतरी तो म्हणाला आणि ते बऱ्याच जणांना आवडलं. मग राजाराम उभा राहिला. त्याला इतकंच सांगता आलं, की आठ हजार म्हणजे चार पाळ्या, आणि चार पाळ्या एका मैदानात बसलेल्या आपण कधी बघितल्या होत्या का? समितीत असलेल्या गंगुबाईंना ते पटलं. आणखीही काहींना पटलं.

हात वर करून मतं घ्यायचं ठरलं. इथे नवीनच अडचण आली. खडू काढून घ्या म्हणणारे हात शामरावाने मोजले, ते पंधरा आले. खजिनदाराने मोजले, ते तेरा आले. राहू दे म्हणणारे गंगुबाईंनी मोजले, ते सोळा आले. सीतारामांनी स्वतः मोजायला घेतले, तर मध्येच कोणी खाजवायला हात खाली घेतला आणि त्यांचा क्रम चुकला. एकूण मतं हजर माणसांहून जास्त भरू लागली. शेवटी सीतारामांनी घाम पुसत विचारलं, नीट मोजणारं कोणी आहे का इथे?

"अंबिकेला बोलवा," गंगुबाई म्हणाल्या.

आणि शामराव चिंदरकर, ज्याने गेला महिनाभर त्या मुलीचं गणित नाक्यावर टांगलं होतं, तोही लगेच म्हणाला, "हो, तिला बोलवा. ती कमीजास्त नाय करायची." यात काही विसंगत आहे असं खोलीतल्या एकालाही वाटलं नाही.

अंबिका आली. तिला काय मोजायचं ते सांगितलं. मोजायचं कशासाठी, हेही तिला समजलं. ती दंड-बैठकांच्या फळीवर उभी राहिली, आणि काढून घ्या म्हणणाऱ्यांना हात नीट वर धरायला सांगितलं. ओठ हलवत डावीकडून उजवीकडे मोजलं. मग बाईंनी शिकवल्याप्रमाणे उजवीकडून डावीकडे पुन्हा मोजलं. नंतर राहू दे म्हणणाऱ्यांचे हात तसेच दोनदा. गंगुबाईंनी भावनेच्या भरात दोन्ही हात वर केले होते, त्यातला एक तिने खाली करायला लावला. राजाराम उजवा हात खिशात घालून भिंतीशी उभा राहून तिच्याकडे बघत होता. त्याचा सगळा जीव तिच्या ओठांवर गोळा झाला होता.

"काढून घ्या म्हणणारे बारा," अंबिका म्हणाली. मग जरा बारीक आवाजात, "राहू दे म्हणणारे अकरा."

कोणी हुज्जत घातली नाही. एकानेही पुन्हा मोज म्हटलं नाही. राजारामाने डाव्या हाताने दुसऱ्या खिशातून खडू काढून शामरावाच्या हातावर ठेवला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा वाईट वाटलं. मग तो मुलीला घेऊन बाहेर पडला आणि तिच्यासाठी चणे घ्यायला दुकानाशी थांबला.

ते नाक्यावर पोहोचेपर्यंत शामरावाने फळा लिहूनही टाकला होता. अंबिकेने अक्षर लावत लावत वाचलं: "समितीची विराट बैठक. फळ्याची जबाबदारी प्रचंड बहुमताने श्री. चिंदरकर यांजकडे." ती फळ्यापुढून हलेना. चण्यांची पुडी तशीच तिच्या हातात होती.

"बाबा, सीतारामकाका म्हणाले चोवीस जण आहेत."

"म्हणाले."

"बारा आणि अकरा तेवीस होतात. मग एक हात माझ्याकडून सुटला." तिचे डोळे भरून आले. "तो राहू दे म्हणणारा असला तर? बारा-बारा झाले असते. मग अध्यक्षांचं जादा मत सीतारामकाकांनी तुमच्या बाजूने दिलं असतं."

राजारामाने इकडेतिकडे बघितलं. मुलीला रडू द्यायचं, की खरं सांगायचं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, पण तरी त्याला थोडा वेळ लागला.

"तुझ्याकडून काय सुटूक नाय," तो म्हणाला. "तो हात माझो. मी वर केलोच नाय."

"का?"

"रिकामो नव्हतो."

त्याने उजवा हात खिशातून काढून तिच्यापुढे धरला. अंगठा अजून करंगळीच्या मधल्या पेरावर टेकलेला होता. चार बोटांची बारा पेरं, त्यातली अकरा झाली होती आणि शेवटचं एक उरलं होतं. ती मोजत असताना तोही खिशातल्या खिशात तिच्याबरोबर मोजत होता. ती चुकू नये एवढंच त्याच्या मनात होतं. मत द्यायचं आहे हे तो साफ विसरून गेला होता.

अंबिकेने डोळे पुसले आणि बापाच्या बोटांकडे नीट बघितलं.

"तुमचे किती आले?" तिने विचारलं.

"बारा नि अकरा."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली, आणि पुडी सोडून चणे खात त्याच्याबरोबर घराकडे चालू लागली.